डोळ्याला कळत नाही म्हणून

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले, की घरोघरी एकच वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो : टाकायचे काय आणि ठेवायचे काय? कान तुटलेले कप, बंद पडलेले घड्याळ, कोणाच्या तरी मुंजीत आलेला तांब्या, वाळवीने एक कोपरा खाल्लेला फोटोंचा आल्बम. यांतील प्रत्येक वस्तूला घरात एक वकील असतो आणि एक फिर्यादी. थोडी धुसफूस होते, जुन्या गोष्टी निघतात, एखादे माणूस रुसून आत जाते, आणि शेवटी निम्म्या वस्तू भंगारात व निम्म्या पुन्हा माळ्यावर जातात. या भांडणाला मी कधी कमी लेखले नाही. भांडण झाले, याचा अर्थ टाकण्यापूर्वी त्या वस्तूच्या बाजूने कोणीतरी दोन शब्द बोलले.

हल्ली मात्र या वादातला एक मोठा खटला सुनावणीवाचूनच निकालात निघतो. घरातले फोटो मोबाइलमध्ये उतरवायचे, इंटरनेटवरच्या एखाद्या फुकट सेवेकडे ते शेकड्याने चढवायचे, मागे वाजायला गाणे निवडायचे आणि बटण दाबायचे. चहा होईपर्यंत त्या फोटोंचा व्हिडिओ तयार होऊन परत येतो. शंभर फोटोंचे ओझे साडेतीनशे मेगाबाइट असेल, तर व्हिडिओचे ओझे त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही भरत नाही, असे सहज घडते. सगळे फोटो दिसतात, गाणे वाजते, मंडळी खूश होतात. परंतु बाकीचे नऊ हिस्से गेले कोठे, हे विचारण्याची आठवण कोणालाच होत नाही.

ते गेले ते चोरीला गेलेले नाहीत. ते टाकून दिलेले आहेत, आणि काय टाकायचे हे ठरविण्याचा एक नियम आहे. तो गणिताचा असला, तरी त्याच्या मुळाशी माणसाविषयीचा एक समज आहे, म्हणून आपल्यासारख्या गणित सोडून दिलेल्या माणसांनीही तो जाणून घेण्याजोगा आहे. चित्राचे आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात चौसष्ट ठिपके. ते ठिपके जसेच्या तसे लिहून न ठेवता त्यांतील उजेडाचे ठळक चढउतार किती आणि बारीक चढउतार किती, असा हिशेब मांडतात. मग बारीक चढउतारांचे आकडे ढोबळ करतात. इतके ढोबळ, की त्यांतील बहुतेकांचे शून्य व्हावे. शून्ये साठवायला जागा लागत नाही. ही रीत १९७४ साली ज्या तिघांच्या नावाने प्रसिद्ध झाली, ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव हे तिघेही मूळचे भारतीय. त्यांतले अहमद बंगळूरचे. या कामासाठी १९७२ साली त्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले आणि ते नाकारले गेले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९९२ च्या जेपेग पद्धतीपासून आजच्या व्हिडिओंपर्यंत पुष्कळ काही त्याच रीतीच्या किंवा तिच्या भावंडांच्या खांद्यावर उभे आहे.

रंगाच्या बाबतीत तर याहून धीट काम चालते. माणसाचा डोळा उजेड-अंधार जितका बारकाईने पाहतो, तितका रंग पाहत नाही. म्हणून उजेडाचे चार ठिपके लिहिले, तर रंगाचा सरासरीने एकच लिहायचा, असा सर्रास प्रघात आहे. आणि व्हिडिओ करायचा म्हटल्यावर आणखी एक काटकसर येते. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली, तर पाच सेकंद पडद्यावर राहिलेल्या एका फोटोची सव्वाशे चित्रे होतात. त्यांतले पहिले तेवढे पुरते लिहायचे. पुढच्या एकशे चोवीस चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदवायचे. जुन्या पेढीवरचा कारकून वरच्या ओळीतली रक्कम खालीही तीच असली, की ती पुन्हा न लिहिता नुसते ‘कित्ता’ लिहून मोकळा होत असे, तसाच हा प्रकार. जे हलले त्याची नोंद, जे हलले नाही ते गृहीत. (घरातही जी माणसे जागची हलत नाहीत, त्यांच्यापुढे आपण कित्ताच लिहीत असतो, पण तो विषय निराळा.)

एवढे वाचून कोणाला वाटेल, की मी आता यंत्राच्या नावाने बोटे मोडणार. तसे नाही. ही काटकसर नसती, तर परदेशी राहणाऱ्या मुलाने पाठविलेले नातवाचे पहिले पाऊल खेड्यातल्या आजीला स्वस्तातल्या मोबाइलवर दिसलेच नसते. चित्र मोठ्यांच्या घरी पूर्ण आणि लहानांच्या घरी मुळीच नाही, यापेक्षा सगळ्यांच्या घरी थोडे उणे, हा सौदा मला न्यायाचा वाटतो. शिवाय माळ्यावरच्या ट्रंकेत कसर लागून संपलेल्या आल्बमापेक्षा चार मिनिटांचा, पण निदान चारदा पाहिला जाणारा व्हिडिओ बरा, असे कोणी म्हणाले, तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

दुसरे असे, की वगळणे हे मुळात पाप नव्हेच. वगळल्यावाचून काही दाखविताच येत नाही. स्थिर चित्रांचे हलते चित्र करण्याचा जो पहिला मराठी खटाटोप आपल्याला ठाऊक आहे, तोच पाहा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे टिपली. ती एकापुढे एक लावल्यावर मिनिटभराच्या फितीत वाटाणा उगवून वर आला. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. तिच्या जोरावर त्यांना पुढच्या चित्रपटासाठी कर्ज देणारा मिळाला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्या एका मिनिटासाठी फाळक्यांनी किती तास टाकून दिले, त्याचा हिशेब करा! दोन चित्रांच्या मधली सगळी दुपार, सगळी रात्र गेली. तरी कोणी म्हणणार नाही, की त्यांनी रोपावर अन्याय केला. उलट जी वाढ रोज पाहूनही कोणाला दिसत नव्हती, ती त्या वगळण्यामुळेच दिसली.

मी कादंबऱ्या लिहिते. आमचा तर धंदाच वगळण्याचा. नायिकेने सकाळी दात घासले, हे मी लिहीत नाही. म्हणून वगळणाऱ्याला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते. तरीही गेल्या वर्षी, २०२५ साली, माझ्या परिचयाच्या एका घरात जे पाहिले, त्यामुळे एक फरक माझ्या मनात पक्का झाला.

त्या घरातल्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली होती. नातू हौशी आणि कामसू. त्याने चुलत्या-मावश्यांकडून फोटो गोळा केले, रात्र जागून त्यांचा व्हिडिओ केला. हल्ली सगळे मोबाइल उभा धरून पाहतात, म्हणून व्हिडिओही उभा, नऊ रुंद आणि सोळा उंच अशा मापाचा. पहिलाच फोटो होता १९७५ सालचा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घराच्या ओटीवर काढलेला. मध्ये खुर्च्यांवर नवरा-नवरी, शेजारी वडीलधारी, पुढे मांडी घालून बसलेली मुले, मागे उभ्या बायका. टाळ्या पडल्या. आजोबांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारले, “यात आक्का कुठे आहे?”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पुढच्या पिढीची आत्या, त्याच्या पुढचीची आत्याआजी. लहानपणीच वैधव्य आले आणि माहेरी परत आल्या, त्या शेवटपर्यंत माहेरीच राहिल्या. त्यांना जाऊन पंचवीस वर्षे होऊन गेली. नातवाने त्यांना पाहिलेलेही नव्हते. फोटोत त्या होत्या. ओटीच्या उजव्या टोकाला, दाराच्या सावलीत.

आता हिशेब पाहा. चार रुंद आणि तीन उंच अशा आडव्या फोटोने नऊ-सोळाची उभी चौकट काठोकाठ भरायची, तर फोटोची शंभरातली बेचाळीस टक्के रुंदी उरते. बाकीची अठ्ठावन्न टक्के दोन्ही बाजूंनी कापली जाते. मधोमध बसलेले जोडपे उत्तम राहते. टोकाला उभ्या असलेल्या माणसांचे काय होणार, हे उघड आहे. आणि जुन्या फोटोंत टोकाला कोण उभे असे, हे माझ्या वयाच्या बायकांना तरी सांगायला नको. विधवा आत्या, पोटापुरत्या आश्रयाला आलेला लांबचा दीर, हाक मारल्यावर हात पुसत आलेली कामकरीण. ज्यांना कोणी मध्ये बोलावले नाही, ती सगळी माणसे.

नातू चांगला मुलगा. आजोबांचा चेहरा पाहून त्याने तिथल्या तिथे सगळा फोटो मावेल, वर-खाली काळी पट्टी येईल, असा व्हिडिओ पुन्हा करून दिला. आता आत्या चौकटीत आली. पण ती ओळखता येईना. सावलीत उभी, अंगावर गडद लुगडे, मागे दाराचा अंधार. उजेड-अंधाराचा फरक अगदी बारीक. आणि हे बारीक फरकच तर त्या हिशेबात आधी शून्य होतात! त्यातून कुटुंबाच्या गटावर पाठवताना व्हिडिओ आणखी एकदा आवळला गेला. उन्हात बसलेल्यांचे चेहरे चांगले राहिले. दाराशी फक्त एक काळसर डाग होता.

“मी कोणालाच काढलं नाही हो आजोबा,” नातू काकुळतीने म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. कोणीच आत्याला काढले नव्हते. नातवाने चौकट निवडली, सेवेने फोटो मधोमध बसविला, हिशेबाने बारीक आकडे ढोबळ केले. प्रत्येकाने आपापले काम शहाणपणाने केले आणि शेवटी एक माणूस नाहीसे झाले. पूर्वी एखाद्या विधवेला कार्यात पुढे येऊ दिले नाही, तर तसे करणारे कोणी तरी असे, त्याला नाव असे. निदान मनातल्या मनात त्याला दोष देता येई. येथे दोष द्यायला कोणी नाही. मला हेच भयंकर वाटते.

आजींनी मग कपाटातून मूळ फोटो काढला आणि पोथी वाचायचे भिंग आणले. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. आत्याचा पदर कमरेला खोचलेला होता. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, भावाकडे पाहत होती. आणि डाव्या हाताला, मनगटाच्या वरपर्यंत, काही पांढरे लागलेले होते. “पीठ आहे ते,” आजी म्हणाल्या. “पन्नास पानांचा स्वयंपाक होता त्या दिवशी. फोटोवाला आला म्हणून हाक मारली, तशीच आली ती.” एवढे बोलून त्या जरा थांबल्या. त्या घरात सून होऊन आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी जे अन्न खाल्ले, ते त्या हातांनी केलेले होते.

मनगटावरचे ते पीठ म्हणजे फोटोतले फार तर दहा-वीस ठिपके. यंत्राच्या भाषेत अत्यंत बारीक चढउतार. डोळ्याला कळत नाही, म्हणून टाकून देण्यास सर्वांत योग्य.

येथे मला प्रश्न पडतो : डोळ्याला म्हणजे कोणाच्या डोळ्याला? नातवाचे डोळे पंचविशीचे, निर्मळ. त्यांना काही उणे दिसले नाही. आजोबांचे वय सत्त्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना एका क्षणात दिसले. त्यांची नजर तीक्ष्ण होती म्हणून नव्हे; ते तिला शोधत होते म्हणून. यंत्र बनविणाऱ्यांनी डोळ्याचा अभ्यास केला तो इंद्रिय म्हणून, आणि तेवढ्यापुरता तो अभ्यास खराही आहे. परंतु माणूस नुसत्या इंद्रियाने पाहत नाही. शंभर पोरांच्या वर्गाच्या फोटोत आई आपले पोर आधी पाहते. अनोळखी माणसाच्या डोळ्याला जे कळत नाही, ते नात्याच्या डोळ्याला कळते; आणि असे हिशेब बसविताना अनोळखी डोळाच प्रमाण धरावा लागतो, कारण नात्याचा डोळा मोजायचा कसा?

या शास्त्राच्या इतिहासातच याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १९७३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना प्रयोगासाठी एक चांगले छायाचित्र हवे होते. पुरुषांसाठी निघणाऱ्या एका अमेरिकन मासिकात लेना नावाच्या स्वीडिश तरुणीचे चित्र होते. त्यांनी त्याचा खांद्यापासून वरचा भाग तेवढा घेतला आणि ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांत उतरवला. त्या चित्रात हॅटची नितळ कड होती, पिसांची बारीक झालर होती, खांद्याचा गुळगुळीत उतार होता. पारखायला सगळे होते. पुढे काही दशके जगभरातले संशोधक चित्र आवळण्याची आपली नवी युक्ती बरी की वाईट, हे त्याच चेहऱ्यावर पारखत राहिले. पिसे धूसर झाली का, खांद्यावर चौकोन उमटले का, हे हजारो जणांनी निरखून पाहिले. हे चालेल का, असे मात्र त्या बाईंना आधी कोणी विचारले नाही. अखेर १ एप्रिल २०२४ पासून आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने आपल्या नियतकालिकांत ते चित्र असलेले लेख घेणे थांबविले. या शास्त्राने इतके निरखून कोणाकडेच पाहिले नसेल. तरी तिच्याकडे कोणी पाहिले, असे म्हणवत नाही.

विचारण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. आपण फुकट सेवेकडे फोटो चढवितो, तेव्हा ते दुसऱ्याच्या संगणकावर जातात. काही सेवा ठराविक तासांनी ते पुसून टाकण्याचे वचन देतात. काही तर सगळे काम आपल्याच यंत्रावर, ब्राउझरच्या आत करतात आणि फोटो घराबाहेर जाऊच देत नाहीत. चढविण्यापूर्वी यांतली कोणती, ते वाचून पाहायला दोन मिनिटे लागतात. आपल्या एकट्याचा फोटो असेल, तर ती दोन मिनिटे वाचविणे हा आपला प्रश्न. परंतु कुटुंबाच्या फोटोत बाळंतीण असते, न्हाणारे मूल असते, गेलेली माणसे असतात. त्यांच्या वतीने आपण परवानगी देऊन टाकतो, ती कोणत्या अधिकाराने?

यावर कोणी विचारील, की मग सगळेच साठवून ठेवावे काय? हजारो फोटो, तेही प्रत्येकी एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे? मी तसे म्हणत नाही. सगळे ठेवणारा माणूस आणि काहीच न ठेवणारा माणूस यांच्या घरात शेवटी सारखेच सापडते, म्हणजे काहीच सापडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की वगळण्याचे दोन प्रकार आहेत. फाळके महिनाभर त्या रोपापुढे बसले आणि मग त्यांनी वगळले. लेखक वगळतो तो वगळलेले माहीत असताना वगळतो, आणि पुस्तकावर त्याचे नाव असते. चुकले, तर वाचक त्याला पत्र लिहितो. दुसरे वगळणे न पाहता होते, आणि त्याखाली कोणाची सही नसते. व्हिडिओ हा दाखवायचा पदार्थ आहे. तो आवळावा, कापावा, त्याला गाणे लावावे. पण व्हिडिओ झाला म्हणून मूळ फोटो टाकून दिले, की दाखविण्यासाठी केलेली निवडच घराची स्मृती होऊन बसते. आणि ढोबळ झालेला आकडा पुन्हा बारीक करता येत नाही. यंत्र मागाहून अंदाजाने कडा रेखीव करून देईल, पण मनगटावर पीठ होते की बांगडी, हे ते कोठून सांगणार?

खरे सांगायचे, तर त्या घरातही तो आल्बम दिवाळीनंतर निकालात काढायचे ठरले होते. सगळे व्हिडिओत आलेच आहे, असे सुनेचे म्हणणे होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. दोन खोल्यांच्या घरात कपाटाचा एक खण ही लहान गोष्ट नव्हे. त्यावर पुष्कळ बोलणे झाले. आजी काही बोलल्या नाहीत. अखेर आल्बमातले नव्वद फोटो वाटून टाकले, चाळीस खरोखरच फेकले, आणि अकरा ठेवले.

त्या अकरांच्या मागे नावे लिहायचे काम आजींनी स्वतःकडे घेतले. नातवाने मऊ शिशाची पेन्सिल आणून दिली. ओटीवरच्या फोटोत एकोणीस माणसे होती, आणि आजी त्यांची नावे लिहायला बसल्या, त्या उजवीकडून. त्यामुळे पहिले नाव आत्याचे आले.